मीटिंगमध्ये डोकं बंद पडतं, म्हणजे बुद्धी कमी आहे का?

आलेलं पत्र, थोडं कापून देतेय:

"ताई, नमस्कार. मी कळव्याला राहते, वय २७. दहावीपर्यंत मराठी मिडियम, मग डिप्लोमा, मग इंजिनिअरिंग. ऐरोलीला एका आयटी कंपनीत टेस्टिंगला आहे, चार वर्षं झाली. काम मला नीट येतं पण मीटिंगमध्ये इंग्रजीत बोलायची वेळ आली की डोकं अक्षरशः बंद पडतं. मागच्या महिन्यात मला पेमेंट स्क्रीनवर एक बग सापडला, नेट मध्येच गेलं आणि यूजरने परत बटण दाबलं तर पैसे दोनदा कट होत होते, तेही एकाच बँकेच्या कार्डाला. हे मी टपरीवर चहा पिताना टीममधल्या मित्राला मराठीत पाच मिनिटांत समजावलं. कॉलवर माझी पाळी आली तेव्हा तोंडातून फक्त 'पेमेंटमध्ये इश्यू आहे' एवढंच निघालं. पुढचं सगळं त्याने सांगितलं आणि 'ग्रेट ॲनालिसिस' त्याला मिळालं. नंतर मॅनेजर मला म्हणाले, तू मेहनती आहेस पण थिंकिंग स्लो आहे, इंग्रजीत विचार करायला शिक. मी घरी येऊन ऑनलाइन आयक्यू टेस्ट दिली, ८९ आला. तेव्हापासून मराठी बंद केलंय. आईशीसुद्धा इंग्रजीत बोलते, तिला अर्धं कळत नाही. माझं बघून वहिनीनेही तीन वर्षांच्या भाच्याशी मराठी बोलायचं नाही असं ठरवलंय. आता टीम लीडच्या जागेसाठी ऑफिसमध्येच अर्ज मागवलेत. भरू की नको? खरं सांगा ताई, माझी बुद्धी कमी आहे का?"

अगं, कारणं नंतर सांगते, आधी उत्तरं घे. तुझी बुद्धी कमी नाहीये, मराठी बंद केल्याने काही सुधारणार नाहीये, आणि अर्ज भरायचा आहे. ताई धीर द्यायला बोलतायत असं तुला वाटेल म्हणून सविस्तर लिहितेय, जरा मोठं झालंय पण सगळं वाच.

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू सहज लिहून गेलीस, की टपरीवर मित्राला पाच मिनिटांत समजावलं. पैसे दोनदा कट होतायत हे कोणालाही दिसलं असतं, ग्राहकाने स्वतःच फोन करून बोंब मारली असती. पण ते नेट गेल्यावरच होतं, परत बटण दाबल्यावरच होतं आणि एकाच बँकेच्या कार्डाला होतं, हे शोधायचं तर एकेक शक्यता सुटी करावी लागते, नेट चालू ठेवून बघ, बंद करून बघ, कार्ड बदल, आणि एक गोष्ट बदलताना बाकीच्या तशाच्या तशा ठेव. मानसशास्त्रात ज्याला रीझनिंग, म्हणजे तर्क लावणं, म्हणतात ते हेच, आणि हे सगळं तू कॉल सुरू होण्याच्या आधी पूर्ण केलेलं होतंस. मित्राने कॉलवर जे सांगितलं तो विचार तुझा होता, वाक्यं फक्त त्याची होती. त्यामुळे 'थिंकिंग स्लो' हे निदान मुळातच चुकीच्या जागी बोट ठेवतंय.

मग कॉलवर झालं काय? आपल्या डोक्यात ज्या जागेत आपण चालू क्षणाचं काम करतो तिला वर्किंग मेमरी म्हणतात. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तिचं जे मॉडेल मांडलं ते आजही शिकवतात. ही जागा फार म्हणजे फारच लहान असते. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरने १९५६ मध्ये साधारण सात गोष्टी मावतात असं म्हटलं होतं, नंतर नेल्सन कोवनने २००१ मध्ये तो आकडा चारच्या आसपास आणला. ही मर्यादा सगळ्यांनाच असते, तुझ्या मॅनेजरांनाही. चाळीतल्या छोट्या ओट्यासारखं समज, एका वेळी एकच परात राहते, दुसरी ठेवायची तर पहिली उचलावी लागते. टपरीवर तुझ्या ओट्यावर फक्त बग होता, कारण मराठी वाक्यं बनवायला तुला जागाच लागत नाही, ती आपोआप होतात. कॉलवर मात्र बग होता, शिवाय शब्द शोधणं होतं, 'हॅज बीन' की 'हॅड बीन' होतं, उच्चार होता, सगळे ऐकतायत ही धास्ती होती, आणि मित्र बाजूला बसलाय त्याला हे किती छान सांगता आलं असतं हाही विचार होता. एवढं सगळं ठेवायचं तर काहीतरी खाली पडणारच, आणि पडला तो बग.

हे मी मनाने रचून सांगत नाहीये. जपानमधले योहतारो ताकानो आणि अकिको नोदा यांनी १९९३ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. लोकांना एकाच वेळी दोन कामं दिली, एक डोकं लावायचं आणि दुसरं प्रश्न ऐकून उत्तरं द्यायचं. प्रश्नोत्तरं परक्या भाषेत असली की डोकं लावायच्या कामातले मार्क खाली यायचे, आपल्या भाषेत असली की तेवढे यायचे नाहीत. आणि हे फक्त जपानी लोकांचं झालं नाही, इंग्रजी मातृभाषा असलेले लोक जपानी वापरायला लागले की त्यांचंही तेच झालं. त्यांनी त्याला विचारशक्तीत तात्पुरती घट म्हटलं, आणि मी त्यातल्या 'तात्पुरती' शब्दावर जोर देतेय, भाषेचं ओझं उतरलं की विचार होता तिथेच असतो. दोन वर्षांनी त्यांनी अजून एक गोष्ट दाखवली, की दोन भाषा एकमेकींपासून जितक्या लांब तितकी ही घट जास्त. इंग्रजी बोलताना जर्मन माणसापेक्षा जपानी माणसाची जास्त दमछाक होते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि इंग्रजीत कर्त्याच्या पाठोपाठ, म्हणजे तुला वाक्य अर्धं बोलायच्या आधीच त्याचा शेवट ठरवून ठेवावा लागतो, तर तुझी दमछाक कुठून येते ते कळतंय ना?

तू विचारशील की मग टीममधल्या कॉन्व्हेंटवाल्यांचं असं का होत नाही. त्यांची इंग्रजी वाक्यं आपोआप होतात, बस, एवढंच. केजीपासून बारा-चौदा वर्षं वर्गात तेच बोलले. त्यांना उद्या सांग की हाच बग आमच्या सिन्नरच्या मामांना मराठीत, मध्ये एकही इंग्रजी शब्द न घालता समजाव, आणि बघ कसे अडखळतात ते, आणि तेव्हा कोणी त्यांना स्लो म्हणणार नाही, म्हणूही नये.

आता ते 'इंग्रजीत विचार कर'. हा सल्ला इतके लोक इतक्या सहज देतात की मला त्याचा राग येतो, कारण त्यात धरून चाललेलं असतं की विचार म्हणजे मनातल्या मनात बोललेली वाक्यं. तसं नाहीये. ब्रिटनमधल्या रोझमेरी व्हार्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तीन माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला, मेंदूला इजा होऊन त्यांची भाषा जवळजवळ गेली होती, वाक्याचं व्याकरण कळत नव्हतं, 'सिंहाने माणसाला मारलं' आणि 'माणसाने सिंहाला मारलं' यातला फरक लागत नव्हता, पण गणितं सुटत होती, कंसातलीसुद्धा. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या एव्हलिना फेडोरेंको अनेक वर्षं स्कॅनरमध्ये लोकांचे मेंदू बघतायत, भाषा समजण्याचे भाग आणि कोडी सोडवण्याचे, लॉजिकचे भाग बरेचसे वेगळे दिसतात. २०२४ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात लिहिलं की भाषा ही मुख्यतः एकमेकांना सांगण्यासाठी आहे, विचार करण्यासाठी ती असावीच लागते असं नाही. ह्यावर वाद आहेत, सगळ्यांना पटलेलं नाही, पण भाषा गेल्यावरही विचार शिल्लक राहतो एवढं तरी त्या पेशंटनी दाखवलंच.

अमेरिकेत रसेल हर्लबर्ट नावाचे एक संशोधक लोकांना बीपर देतात, तो दिवसात कधीही वाजतो आणि त्या क्षणी डोक्यात काय चाललं होतं ते लिहायचं असतं. काहींच्या डोक्यात शब्द असतात, काहींच्या चित्रं, आणि काहींच्या डोक्यात शब्दही नाहीत आणि चित्रही नाही, तरी विचार मात्र स्पष्ट असतो. तू स्वतः बघ, बग शोधताना मध्येच 'अरे, हे साठवलेल्या जुन्या डेटामुळे होत असणार' असं चमकून जातं तेव्हा आधी वाक्य आलेलं असतं का? नसतं, आधी ते कळतं आणि वाक्य मागून येतं.

हां, आपण मनात बोलतो हे खरंच आहे, आणि त्याचा उपयोगही असतो. लहान मूल खेळताना मोठ्याने स्वतःशी बडबडतं, 'आता हे इथे ठेवायचं, मग हे', आणि पुढे तीच बडबड आत जाते आणि मोठेपणी आपण तिच्या आधारे स्वतःला वळण लावतो, हे रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगोत्स्की १९३४ सालीच लिहून गेलाय. ते आतलं बोलणं तुटक असतं, अर्ध्या शब्दांचं, त्यात कर्ताच नसतो बऱ्याचदा. तुला जी भाषा सहज येते त्याच भाषेत ते चालू दे. आकड्यांचं तर विचारूच नकोस, पाढे ज्या भाषेत पाठ केले सहसा त्याच भाषेत आयुष्यभर राहतात, सात साते एकोणपन्नास आधी मराठीत येणार आणि मग तू ते इंग्रजीत उलगडून सांगणार, त्याला अर्धा सेकंद लागणार. लागू दे.

आता त्या ८९ बद्दल. मला खरं तर हा आकडा तुझ्या डोक्यातून पुसून टाकायचाय.

बुद्धिमापनाची पहिली चालणारी टेस्ट पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी १९०५ मध्ये केली. शाळेत कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल ते ओळखण्यासाठी केली होती, आणि बिनेचा या कल्पनेला ठाम विरोध होता की बुद्धी हा जन्मतः ठरलेला, न वाढणारा आकडा आहे. ती टेस्ट अमेरिकेत गेली आणि तिथे तिचं भलतंच झालं. हेन्री गोडार्ड या मानसशास्त्रज्ञाची माणसं १९१३ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, जिथे परदेशातून राहायला येणाऱ्यांची तपासणी व्हायची, जहाजातून नुकत्याच उतरलेल्या लोकांना, ज्यांना इंग्रजी येत नाही अशांना, दुभाष्यामार्फत हे प्रश्न विचारत होती. कित्येक दिवस बोटीत काढून आलेली, घाबरलेली माणसं. त्यातल्या इटालियन, ज्यू, हंगेरियन लोकांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास मंदबुद्धी आहेत असा निष्कर्ष छापला गेला! हा इतिहास मी तुला मुद्दाम सांगतेय, कारण रात्री अकरा वाजता थकून, रडवेली होऊन, इंग्रजीतले प्रश्न टायमर लावून सोडवलेस तेव्हा तूही तसंच केलंस, आणि स्वतःच स्वतःवर.

अजून एक उदाहरण देते, ते मला फार आवडतं. ब्रिटनमध्ये वेल्सच्या मुलांना वेल्श भाषेतून बुद्धिमापन चाचणी दिली की आकडे ऐकून लक्षात ठेवण्याच्या भागात कमी मार्क पडायचे. मग मुलांची स्मरणशक्तीच कमी म्हणायची का? १९८० मध्ये एलिस आणि हेनेली या संशोधकांनी शोधून काढलं की वेल्शमधले आकड्यांचे शब्द उच्चारायला इंग्रजीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि मनातल्या मनात घोकायची जी जागा असते ती वेळेत मोजली जाते, साधारण दोन सेकंदांत जेवढं बोलून होतं तेवढंच तिच्यात राहतं. म्हणजे मुलांच्या मेंदूत काहीच कमी नव्हतं, शब्द लांब होते. एवढ्याशा गोष्टीने जर बुद्धीचा आकडा हलतो तर इंग्रजी शब्दांचे अर्थ आणि इंग्रजी कोडी विचारणाऱ्या एखाद्या वेबसाइटने तुझ्याबद्दल काय सांगितलं असेल?

म्हणून तर आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची टेस्ट नुसती भाषांतर करून वापरली नाही, मराठी आणि कानडी मुलांवर घेऊन, प्रश्न बदलून, नव्याने बसवली. त्यांचं काम १९४० मध्ये पुस्तकरूपात आलं आणि बिने-कामत टेस्ट आजही आपल्याकडे वापरली जाते. नागपूरला डॉ. मालिन यांनी वेक्सलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या बुद्धिमापन टेस्टचं भारतीय मुलांसाठी तसंच केलं. खरी टेस्ट प्रशिक्षित माणूस समोर बसून घेतो, तास-दीड तास जातो, तुझी भाषा, शिक्षण, झोप, मूड सगळं विचारतो, आणि रिपोर्टमध्ये एकच आकडा नसतो, शब्दांचं वेगळं, आकृत्यांचं वेगळं, वर्किंग मेमरीचं वेगळं, वेगाचं वेगळं. वेग त्यातला एक भाग असतो, फक्त एक. तुला खरंच टेस्ट करून घ्यायची असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा आणि भाषेचं आधी बोल. पण मला विचारशील तर गरज नाही. चार वर्षं तू बग शोधतेयस, याहून मोठी टेस्ट कोणती घेणार?

मॅनेजरांबद्दल. ते वाईट आहेत असं मी म्हणत नाही, मी त्यांना ओळखत नाही. पण ऐकणाऱ्याच्या डोक्यातही एक गडबड होते आणि ती त्यालाही कळत नाही. शिकागो विद्यापीठातल्या शिरी लेव्ह-आरी आणि बोआझ कायसर यांनी २०१० मध्ये लोकांना साधी विधानं ऐकवली, उंटापेक्षा जिराफ जास्त दिवस पाण्याशिवाय राहू शकतो अशा प्रकारची, काही इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या आवाजात आणि काही परक्या ढंगाने इंग्रजी बोलणाऱ्यांच्या. बोलणारा फक्त लिहून दिलेलं वाचतोय हे आधीच सांगितलं होतं, तरीही परक्या ढंगातली विधानं लोकांना कमी खरी वाटली. ऐकायला जास्त कष्ट पडले आणि ते कष्ट त्यांनी बोलणाऱ्याच्या खात्यावर टाकले. तुझ्या कॉलवरही हेच होतं. तू अडखळतेस, ऐकणाऱ्याला जोर लावावा लागतो, आणि त्याला वाटतं की हिलाच नीट कळलेलं नाही. हा अन्याय आहे आणि तो महाराष्ट्रातल्या, आपल्याच ठाणे-ऐरोली पट्ट्यातल्या ऑफिसांमध्ये रोज हजारो हुशार पोरापोरींवर होतोय, झेडपीच्या शाळेतनं, पालिकेच्या शाळेतनं वर आलेल्या, आणि त्यातले कित्येक जण तुझ्यासारखेच घरी येऊन स्वतःलाच दोष देतात. माझा जीव त्यासाठीच तुटतो.

पण अन्याय आहे म्हणून इंग्रजी सोडून दे असंही मी म्हणणार नाही. क्लायंट पुण्यात असो की न्यू जर्सीत, बोलायला लागणार, लीड झालीस तर जास्तच लागणार. फक्त रस्ता वेगळा आहे.

एक तर तुला इंग्रजी येतं. चार वर्षं तू डिफेक्ट लॉग करतेयस, म्हणजे सापडलेल्या बगची नोंद लिहितेयस, स्टेप्स टू रिप्रोड्यूस, एक्स्पेक्टेड रिझल्ट, ॲक्च्युअल रिझल्ट, हे सगळं इंग्रजीतच लिहितेस ना? लिहिताना जमतं कारण तिथे घाई नाही, बग डोक्यात धरून ठेवायचा नाहीये, तो समोर स्क्रीनवर आहे. मग कॉलवरही त्याला स्क्रीनवर आण. पाळी आली की तुझं तिकीट, म्हणजे बगची तीच नोंद, स्क्रीनवर शेअर कर आणि त्यातल्या स्टेप्स एकेक वाचत जा, 'स्टेप थ्रीला नेट बंद केलं, मग हे झालं'. डोक्यातली अर्धी जागा तिथेच मोकळी होते. हे करणारे सिनिअर लोक बघ, त्यांचं कौतुकच होतं, व्यवस्थित माणूस म्हणून.

दुसरं, टपरी सोडू नकोस. आधी मराठीत, मिक्स मराठीत, जशी येईल तशी पूर्ण मांडणी कर, मित्राला सांग किंवा मोबाईलवर स्वतःचा व्हॉइस नोट कर. मग लगेच तीच गोष्ट एकदा इंग्रजीत मोठ्याने बोल. नुसतं मनात नाही, मोठ्याने, कारण आपोआप व्हायला हवंय ते बोलणं आणि ते तोंडाच्या सरावानेच होतं. विचार एकदा पक्का झाला की दुसऱ्या वेळी फक्त भाषेचं काम उरतं. तुझ्या कामातली वाक्यं तशीही फिरून फिरून तीच असतात, 'हे फक्त अमुक झाल्यावरच होतं', 'मी हे दोन डिव्हाइसवर तपासलंय', 'कारण अजून पक्कं नाही पण संशय इथे आहे'. अशी वीसेक वाक्यं जिभेवर बसली ना, की ती अख्खीच्या अख्खी येतात, शब्द जुळवावे लागत नाहीत. रोज संध्याकाळी ट्रान्स-हार्बर लोकलने परत येताना एखादं पाठ कर, तेवढ्याने होतं. आणि अडलीस तर 'एक मिनिट, नीट सांगते' हे इंग्रजीत शांतपणे म्हणायला शीक आणि खरंच ते मिनिट घे. इथे बहुतेक जण घाबरून गप्प होतात, तीच चूक महागात पडते.

मॅनेजरांशीही बोल. भांडायचं नाही, पण सांगायचं की तो बग मी शोधला, हे माझं तिकीट, ही तारीख, आणि मला अजेंडा आदल्या दिवशी मिळाला तर मी जास्त चांगलं मांडू शकेन. मित्राला पण सांग, तो चांगला मुलगा दिसतोय, पुढच्या वेळी त्याने 'हे हिचं ॲनालिसिस आहे' एवढं एक वाक्य आधी टाकायचं.

परक्या भाषेचा एक फायदाही आहे बरं का. कायसर आणि सहकाऱ्यांनीच २०१२ मध्ये दाखवलं की दोन उपायांतला कोणता निवडायचा हा एकच प्रश्न 'इतके लोक वाचतील' असा विचारला की लोक एक निवडतात आणि 'इतके लोक मरतील' असा विचारला की दुसरा, पण तोच प्रश्न परक्या भाषेत वाचला की ही फसगत बरीच कमी होते. परकी भाषा भावनेला थोडं लांब ठेवते असा त्यांचा अंदाज. तेव्हा सॉफ्टवेअर रिलीज करायचं की थांबायचं असला ताणाचा निर्णय असेल तर मराठीत विचार करून झाल्यावर एकदा इंग्रजीतही लिहून बघ.

आता घरचं. भाच्याच्या बाबतीत वहिनीला माझं नाव घेऊन सांग की मराठी बंद करू नका. दोन भाषांनी मूल गोंधळतं, मागे पडतं, ही समजूत १९२०च्या दशकातल्या कच्च्या अभ्यासांमधून आली, त्यात गरीब घरातल्या दुभाषी मुलांची तुलना सुखवस्तू एकभाषी मुलांशी केलेली असायची. १९६२ मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलला पील आणि लॅम्बर्ट या संशोधकांनी सारख्या परिस्थितीतली मुलं घेतली तर दुभाषी मुलं मागे नव्हती, उलट बऱ्याच चाचण्यांत पुढेच होती. नंतर 'दुभाषी मुलं जास्त हुशार' अशीही लाट आली, ती मात्र पुढच्या मोठ्या अभ्यासांमध्ये तितकीशी टिकली नाही, म्हणून मी तेही आश्वासन देत नाही. जे मला पक्कं वाटतं ते वेगळंच आहे. रेचल रोमियो आणि एमआयटी-हार्वर्डच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरी दिवसभराचं बोलणं रेकॉर्ड केलं, तेव्हा मुलाच्या कानावर एकूण किती शब्द पडले यापेक्षा किती वेळा मुलाने बोललं, मोठ्यांनी उत्तर दिलं, परत मुलाने बोललं, याचा मेंदूतल्या भाषेच्या भागाशी जास्त संबंध दिसला. आता मला सांग, वहिनी दिवसभर कोणत्या भाषेत अशी न थकता टोलवाटोलवी करू शकते? 'व्हॉट इज धिस, धिस इज ॲपल' याच्या पुढे तीन वर्षांच्या पोराचे 'का' सुरू होतात, पाऊस का पडतो, कुत्रा का झोपलाय, खाडीचं पाणी काळं का, त्या प्रत्येकाला उत्तर द्यायला घरातल्यांची मनापासूनची भाषा लागते. इंग्रजी शाळेत येईलच.

आणि आईशी आजच मराठीत बोल. तिला कळत नसलेल्या भाषेत बोलून तुझा सराव होत नाही, कारण समोरून उत्तरच येत नाही, आणि ती बिचारी आपल्या पोरीला आपलं बोलणं नकोसं झालंय असं समजून गप्प बसत असेल. तिला ऑफिसात झालेलं सगळं सांग. बगही समजाव. पैसे दोनदा कट होणं हे तिला तुझ्या क्लायंटपेक्षा लवकर कळेल.

अर्जाचं म्हणशील तर लीडला इंग्रजी लागतं, पण त्याच्या आधी कुठे काय बिघडू शकतं हे दिसणं लागतं, कोणत्या पोराला कोणतं काम द्यावं हे कळणं लागतं, आणि ते तुझ्याकडे किती आहे ते अर्जात लिहून दाखवता येतं. लेखी तर तुला जमतंच. त्या पेमेंटच्या बगची गोष्ट पहिल्या परिच्छेदात घाल, तिकीट नंबरासकट, तू तो कसा एकेक करून सुटा केलास ते क्रमाने लिही, मग बाकीची कामं. इंटरव्ह्यूला तेच तिकीट उघडून बस. शेवटची तारीख तू पत्रात लिहिली नाहीस, आज बघून घे आणि आदल्या दिवशीपर्यंत थांबू नकोस.